नागपूर ते तनोट आपल्याच गाडीने: आडवाटेनं जावं की सरळ हायवेनं?

धंतोलीकर
मंडळी, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जैसलमेर ठरतंय. मी, बायको, नववीतली मुलगी आणि बाबा. बाबा ७३ वर्षांचे, सैन्यात ड्रायव्हर होते. १९७४ ते ७६ अशी दोन वर्षं ते जैसलमेर-रामगढ पट्ट्यात थ्री-टन ट्रक चालवायचे. त्यांनी एकच अट घातली आहे: "हायवेनं न्यायचं असेल तर मी घरीच बरा, टीव्हीवर बघीन." त्यांना जुनी वाट हवी आहे. म्हणजे जैसलमेर, कुलधरा, खाभा, सम अशी, जिथून पूर्वी उंटांचे तांडे सिंधकडे जायचे. मग परत फिरून रामगढ, लोंगेवाला, तनोट.

माझ्याकडे सेडान आहे. आमच्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरवरसुद्धा तिचं पोट घासतं. या वाटेवर ती चालेल का, की रेल्वेनं जाऊन तिकडे जीप करावी? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तर्रीपोहे
पहिला! वाळवंट पाहायला १३०० किलोमीटर कायले जाता? मे महिन्यात दुपारी दोनला झिरो माईलपाशी उभं राहा, फुकटात होते.

संत्राबर्फी
हसून हसून पुरेवाट! आणि कूलर डिकीत टाकून न्या, सवय मोडायला नको.

निवृत्त_यष्टी
धंतोलीकर, एसटीत ३१ वर्षं काढली आहेत, तेव्हा गाडीपुरतं बोलतो.

नागपूरहून दोन रस्ते. एक बैतूल, भोपाळ, कोटा, जोधपूर. दुसरा बैतूल, इंदूर, उदयपूर, जोधपूर. दोन्ही साधारण १३५० ते १४०० किलोमीटरच भरतात. म्हातारं माणूस सोबत आहे तर दुसरा घ्या. पहिला मुक्काम इंदूर, दुसरा उदयपूर, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जैसलमेर. दोन दिवसांत नेतो म्हणणारे भाचे-पुतणे प्रत्येक घरात असतात, त्यांच्या हाती स्टिअरिंग देऊ नका.

जोधपूर ओलांडल्यावर अंधार पडला की गाडी उभी करायची म्हणजे करायची. त्या भागात रस्त्यावर उंट येतात. गायीचे डोळे हेडलाइटमध्ये चमकतात, पण उंटाचं डोकं लाइटच्या वर असतं आणि तुमच्यापुढे फक्त चार काटक्या उभ्या दिसतात. धडक झाली तर पाय बंपरला लागतात आणि धड काचेवर येतं. सेडानमध्ये तर सरळ मांडीवर. भीती घालत नाही, पण आमच्या एका माणसानं हे पाहिलेलं आहे.

बाकी सेडानची चिंता सोडा. आता तिकडे सगळं डांबर आहे.

धंतोलीकर
@निवृत्त_यष्टी, मनापासून आभार. पण सगळं डांबर आहे हे बाबांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "त्यांना सांग, तिथे रस्ता नाहीच. वाळूवर लोखंडी जाळ्या टाकून आम्ही गाड्या काढायचो." आता काय करू?

खामला_चौक
बाबांना २०२० चं दशक सुरू असल्याचं हळूच सांगा.

वाट_वाकडी
मी तीन वर्षांपूर्वी हॅचबॅक घेऊन गेलो होतो. जैसलमेरहून कुलधरा १८-२० किलोमीटर, तिथून खाभा आणखी तेवढंच. रस्ता अरुंद, पण पक्का. अडचण एकच, वारा सुटला की वाळू रस्त्यावर येऊन बसते. लांबून ओला पट्टा दिसतो तसं दिसतं, जवळ गेल्यावर कळतं की वीतभर वाळू आहे. तिथे ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंगही फिरवायचं नाही. आहे त्या गिअरमध्ये शांतपणे निघून जायचं.

खाभ्याला सकाळी लवकर जा. किल्ल्यावरून खाली पडक्या घरांच्या रांगा दिसतात, छप्पर एकालाही नाही, आणि त्यातून मोर फिरत असतात. तिकिटाच्या खिडकीवरचा माणूस आम्ही पोचलो तेव्हा चहा पीत होता, म्हणाला, आधी बघून या, मग फाडू.

फुटाळा_किनारी
कुलधरा म्हणजे तेच ना भुताचं गाव? एका रात्रीत सगळे गेले आणि शाप देऊन गेले म्हणे. रात्री थांबायची सोय आहे का?

मोहफूल
आला, भुताचा मुद्दा आला. विसाव्या प्रतिसादापर्यंत तग धरेल असं वाटलं होतं.

कुलधरा हे पालीवाल ब्राह्मणांचं गाव. अशी ८४ गावं होती असं सांगतात. जैसलमेरचा दिवाण सालिमसिंग याची गावातल्या एका मुलीवर नजर गेली म्हणून सगळे एका रात्रीत निघून गेले, ही झाली गाइडची गोष्ट. दिवाण खरा होता, त्याची हवेली जैसलमेरात उभी आहे. पण गावं एकोणिसाव्या शतकात हळूहळू ओस पडली, त्यामागे करांचा जाच आणि आटत गेलेलं पाणी ही कारणं जास्त पटतात. काही भूशास्त्रज्ञ भूकंपाचंही नाव घेतात.

मला भुतांपेक्षा ते लोक तिथे इतकी वर्षं जगले कसे हे मोठं आश्चर्य वाटतं. जैसलमेरला वर्षाला दीडशे-दोनशे मिलिमीटर पाऊस. आपल्याकडे नागपुरात हजाराच्या वर पडतो आणि एप्रिलमध्ये टँकरसाठी भांडणं होतात! पालीवालांनी खडीन बांधले. खडकाळ उताराच्या पायथ्याशी मातीचा लांब बांध घालायचा, पावसाचं सगळं पाणी तिथे अडवायचं, ते जिरलं की त्याच ओलीवर गहू-हरभरा काढायचा. खाभ्याला जाताना रस्त्याच्या कडेला अशी सपाट हिरवी पट्टी दिसली तर थांबून बघा.

झाडीपट्टी
@मोहफूल, हे वाचून आमचे भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव आठवले. कोहळी लोकांनी नुसत्या नजरेनं उतार ओळखून बांध घातले, नवेगावबांध त्यातलाच. फरक इतकाच की आमच्याकडे पाणी साठवून धानाला देतात आणि तिकडे जिरवून वर पेरतात.

फुटाळा_किनारी
म्हणजे भूत नाही?

मोहफूल
संध्याकाळी फाटक बंद होतं. आत कोणी राहिलं तर चौकीदार भूत बनून बाहेर काढतो.

सदर_ते_सॅनहोजे
धागा वाचून राहवलं नाही. मूळचा नागपुरातल्या सदरचा, आता कॅलिफोर्नियात. मागच्या मार्चमध्ये आम्ही तीन कुटुंबांनी इकडची मोहावी रोड केली. थोडं अवांतर आहे, पण धंतोलीकरांच्या बाबांना आवडेल.

कोलोरॅडो नदीपासून पश्चिमेला साधारण १३८ मैल, म्हणजे २२० किलोमीटरची कच्ची वाट. मुळात मोहावी जमातीच्या लोकांची पायवाट, समुद्रकाठच्या लोकांशी व्यापार करायला जायची. नकाशावर बघितलं तर वेडीवाकडी वाटते. कारण कळलं तेव्हा गंमत वाटली: ती झऱ्यापासून झऱ्यापर्यंत जाते. दोन पाण्यांमधलं अंतर माणूस चालू शकेल एवढंच. १७७६ मध्ये गार्सेस नावाचा स्पॅनिश पाद्री याच वाटेनं गेला, १८२६ मध्ये जेडेडाया स्मिथ. पुढे अमेरिकन सैन्यानं त्याच झऱ्यांवर चौक्या बसवल्या. मग रेल्वे आली आणि वाट विसरली गेली. १९८० च्या सुमारास डेनिस केसबियर आणि त्यांच्या मित्रमंडळींनी ती शोधून परत खुली केली.

आम्हाला तीन दिवस लागले. फोर-बाय-फोरशिवाय जमत नाही. मध्येच वाळवंटात एका खांबावर टपालपेटी आहे, तिच्यात वही. येणारा-जाणारा नाव लिहितो. माझ्या मुलानं देवनागरीत "नागपूर" लिहिलं. पुढे सोडा लेक नावाचं कोरडं तळं लागतं. तिथे प्रत्येकानं एक दगड नेऊन ढिगावर टाकायचा अशी रीत आहे. पाऊस झाला असेल तर त्या तळ्यात गाडी घालायची नाही, वरून पापडी सुकलेली असते आणि खाली चिखल.

तर्रीपोहे
दगड टाकून ढीग कराचा? हे तं आपल्याकडं घाटातल्या देवाले करतेत!

सदर_ते_सॅनहोजे
@तर्रीपोहे, अगदी तेच मनात आलं होतं. आणि एक राहिलं. १८५७ मध्ये बील नावाच्या अधिकाऱ्यानं या भागात सैन्याचे उंट आणले होते, खास जहाजानं मागवलेले. कोलोरॅडो नदीवर सगळ्यांना वाटलं आता हे बुडणार, तर उंट सरळ पोहून पलीकडे गेले.

संत्राबर्फी
अमेरिकेत उंट. आणि आम्ही फुटाळा तलावावर उंटाच्या पाठीवर दोन मिनिटं बसलो तर बायको अजून फोटो दाखवते.

धंतोलीकर
@सदर_ते_सॅनहोजे, बाबांना पूर्ण वाचून दाखवलं. झऱ्यापासून झऱ्यापर्यंत म्हटल्यावर ते उठून बसले. म्हणाले, आमचंही तेच होतं. गाडीचं पाणी आणि माणसाचं पाणी वेगळं धरायचे, आणि ताफा थांबायचा तो बेरीवरच. त्यांना एक बेरी आठवते, रामगढच्या अलीकडे, तोंडाला लाकडी झाकण आणि बाजूला खेजडीचं झाड. ती शोधायची आहे म्हणे.

खामला_चौक
बेरी म्हणजे विहीर का?

मोहफूल
अरुंद तोंडाची विहीर. काही भागात वाळूखाली खडूसारख्या जिप्समचा थर असतो. पावसाचं पाणी त्या थरावर अडतं, खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. त्या थरापर्यंत खणायचं, त्याला भोक पडू द्यायचं नाही. पाणी वाळूतून थेंबथेंब झिरपतं, दिवसाला काही घागरी. तोंड लहान ठेवायचं आणि झाकायचं, म्हणजे उडून जात नाही. बिकानेरकडे याला कुंई म्हणतात. पण ५० वर्षांपूर्वीची एक बेरी सापडणं अवघड आहे, इंदिरा गांधी कालव्याचं पाणी आल्यावर किती तरी बुजल्या.

रामनगरची_पोर
खेजडी म्हणजे आपली शमी ना? दसऱ्याची?

मोहफूल
तीच. जोधपूरजवळ खेजडली गावात १७३० मध्ये ही झाडं तोडायला आलेल्या राजाच्या माणसांना अडवताना ३६३ बिश्नोई मारले गेले, पहिली अमृतादेवी. वाकडी वाट करून जाण्यासारखं गाव आहे.

अन्नपूर्णा_मानेवाडा
मुलगी सोबत आहे म्हणून सांगते. समला तंबूत राहायचं असेल तर बुकिंग करताना एकच प्रश्न विचारा: डीजे किती वाजता बंद होतो? आम्हाला "ताऱ्यांखाली शांत रात्र" सांगून एकानं फसवलं. पहाटे दोनपर्यंत धडामधुडुम चालू. तारे होते, पण लेझरमधून दिसले नाहीत. पुढच्या वेळी खुडीला गेलो, तिथे वाळूही बरी आणि झोपही.

जेवणात दालबाटी घ्यालच. बाटी म्हणजे आपले रोडगेच की.

तर्रीपोहे
आक्षेप! रोडगे गोवरीच्या आरात भाजतेत, वांग्याची भाजी सोबत. बाटीले तूप लागते, रोडग्याले भूक.

निवृत्त_यष्टी
पण तिकडेही गावात शेणीवरच भाजतात. हॉटेलातली बाटी पाहून बोलू नका.

अन्नपूर्णा_मानेवाडा
मंजूर. केर-सांगरी मात्र दुसरीकडे मिळणार नाही. सांगरी त्याच खेजडीच्या शेंगा. चव आपल्या सावजीवाल्या जिभेला आधी कळत नाही, दुसऱ्या दिवशी आठवते.

खामला_चौक
एक शंका. सीमेजवळ प्रीपेड सिम चालत नाही असं ऐकलंय.

वाट_वाकडी
ते जम्मू-काश्मीरला. इथे सिम चालतं, रेंज मात्र रामगढनंतर येते-जाते. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या. टाकीही रामगढलाच फुल्ल करा.

रामगढहून तनोट ६० किलोमीटरच्या आसपास. तनोटहून लोंगेवाला ४० च्या आत, तिथून परत रामगढ. त्रिकोण आहे, एका दिवसात आरामात होतो. तनोट मातेचं मंदिर सीमा सुरक्षा दलाचे जवानच सांभाळतात, आरतीही तेच करतात. १९६५ च्या युद्धात आसपास ३००० गोळे पडले आणि मंदिराला काही झालं नाही असं तिथे सांगतात, न फुटलेले काही काचेच्या कपाटात ठेवलेत. तिथून पुढे सीमेकडे परवानगीशिवाय जाता येत नाही, वाद घालू नका. लोंगेवाल्याला ४ डिसेंबर १९७१ ची रात्र. पंजाब रेजिमेंटच्या तेविसाव्या बटालियनचे सुमारे १२० जवान, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी, आणि समोर पाकिस्तानी रणगाडे. उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमानं आली. ते रणगाडे अजून वाळूत उभे आहेत.

माळढोक_शोधतोय
समकडे जाताना वाळवंट राष्ट्रीय उद्यान लागतं, ३१६२ चौरस किलोमीटर. माळढोक पक्षी दिसला तर नशीब. देशात दीडशेच्या आसपास उरलेत, त्यातले बहुतेक तिथेच. आपल्या वरोरा-भद्रावतीच्या माळावरही होते, मी शाळेत असताना काकांनी लांबून एक दाखवला होता. आता तिकडे जाऊन फक्त कापूस बघून येतो. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, विजेच्या तारांना धडकतो. पवनचक्क्यांच्या ओळी दिसतील तेव्हा खाली तारा किती आहेत तेही बघा. आणि कृपा करून वाळूत जीप उडवणाऱ्यांना पैसे देऊ नका.

खामला_चौक
दहा मिनिटं जीपमध्ये बसलं तर कोणता पक्षी मरतो? लोकांच्या पोटाचाही विचार करा की. सीझन चारच महिन्यांचा.

माळढोक_शोधतोय
पोट उंटवाल्यालाही आहे. त्याला द्या.

खामला_चौक
बरं. हे मान्य.

निवृत्त_यष्टी
धंतोलीकर, एक राहिलं. बाबांच्या हट्टापायी डांबर सोडलंच तर टायरची हवा कमी करा. वाळूत १८-२० पीएसआय ठेवतात, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. परत रस्त्यावर आलात की लगेच भरा, कमी हवेनं पळवलात तर टायर जातो. छोटा कॉम्प्रेसर सोबत ठेवा. आणि रुतलात तर रेस देऊ नका, चाक आणखी खाली जातं.

फुटाळा_किनारी
वाचनखूण साठवली. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

धंतोलीकर
मंडळी, परत आलो. उशिराबद्दल क्षमस्व, मुलीची परीक्षा होती.

निवृत्त_यष्टी म्हणाले तेच खरं. सगळं डांबर. रामगढचा रस्ता तर आमच्या वर्धा रोडपेक्षा गुळगुळीत. बाबा पुढच्या सीटवर गप्प. दर दहा मिनिटांनी, "इथे नव्हता." मग काही वेळानं, "इथेपण नव्हता." मुलीनं मोजले, एकूण १४ वेळा.

खाभ्याला मोर दिसले. कुलधऱ्याला भूत नाही, सेल्फी काढणारे दोनशे लोक. लोंगेवाल्याला बाबा रणगाड्यापाशी थांबले नाहीत, मागे उभ्या जुन्या ट्रकपाशी गेले आणि बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

बेरीची गोष्ट अशी. रामगढकडून येताना बाबांनी अचानक "थांब" म्हटलं. डावीकडे एक खेजडी. म्हणाले, आत घे. मी म्हटलं, चालत जाऊ. म्हणाले, मी ड्रायव्हर आहे, चालत कशाला? घेतली. तीस फूट गेलो आणि सेडान पोटावर बसली. मी रेस दिली (निवृत्त_यष्टी, माफ करा), चाकं आणखी खाली.

बाबा उतरले, गुडघे धरत खाली बसले, खिशातून काडेपेटी काढली. व्हॉल्व्हमध्ये काडी दाबून फुसफुस आवाज सुरू झाल्यावर ओठातल्या ओठात आकडे मोजले. चारही चाकांचं तसंच. मग पायाखालच्या चारही मॅट काढून चाकांपुढे अंथरल्या आणि मला म्हणाले, "दुसरा गिअर, क्लच हळू, खिडकीतून बाहेर बघायचं नाही." गाडी निघाली. मागच्या दोन मॅट वाळूत गेल्या त्या गेल्या. बायको त्यावरून अजून बोलते आहे.

झाडाखाली बेरी नव्हती. एक सिमेंटची टाकी होती, कालव्याच्या पाण्याचा नळ, आणि पाणी पिणाऱ्या बकऱ्या. बाबांनी नळाचं पाणी ओंजळीत घेऊन प्यायलं आणि म्हणाले, "गोड आहे." मग गाडीत येऊन बसले.

सदर_ते_सॅनहोजे
__/\__

झाडीपट्टी
झाड तेच होतं का?

धंतोलीकर
विचारलं. म्हणाले, खेजडी सगळ्या सारख्याच दिसतात, पण गाडी रुतायची जागा तीच.

निवृत्त_यष्टी
हवा किती ठेवली होती त्यांनी? गेजवर तपासली का नंतर?

धंतोलीकर
रस्त्यावर आल्यावर कॉम्प्रेसर लावला तेव्हा बघितलं. चारही चाकांत १९.

तर्रीपोहे
बाबाईले माह्याकडून एक तर्री-पोहा. अन् मॅट बर्डीच्या बाजारात पाहा, घासाघीस केली तं स्वस्तात भेटतेत.